स्वयंपाकघरात नापास झालेली मुलाखत

लेखकाचे नाव बोटाखाली झाकले, तर नुसत्या चार ओळींवरून तो कोण हे तुम्हांला सांगता येईल का? घाईने हो म्हणू नका. मीही तसेच घाईने म्हणत होते, आणि माझा तर तो धंदाच होता.

मी एका मासिकासाठी लेखकांच्या मुलाखती घेते. मासिक तळेगावात छापले जाते आणि मी राहते लोणावळ्यात. उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईचे लेखक हवा पालटायला लोणावळ्याच्या बंगल्यांत येऊन उतरतात. कोणाला दमा असतो, कोणाच्या मागे प्रकाशक असतो. आमच्या संपादकांनी, म्हणजे तात्यांनी, हे बरोबर हेरले आणि एक सदर काढले. नाटक कसे रचतात, कविता कुठे सुचते, कादंबरीचा शेवट आधी ठरतो की मागून, हे लेखकाच्या तोंडून काढायचे. काढणारी मी. त्या वेळी मला विसावे लागले होते, अंगावर खादीचे जाडेभरडे पातळ, खांद्याला पिशवी. पहिल्याच बंगल्याचे दार उघडले ते तिथे उतरलेल्या नाटककारांनीच, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "वर्गणी दिली आहे हो आम्ही."

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम सोपे वाटते. विचारावे आणि लिहून घ्यावे. पण माणूस बोलताना पूर्णविराम देत नाही. लेखक तर तासभर आपल्या पोटदुखीविषयी बोलतो, आणि तुम्हांला हवे असते ते वाक्य निरोप घेताना, चपला शोधता शोधता टाकून देतो. तेव्हा वही पिशवीत गेलेली असते. घरी येऊन सगळे नीट लिहायचे, मग ते घेऊन पुन्हा त्याच बंगल्यावर जायचे आणि लेखकासमोर बसून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचे. प्रत्येक पानाखाली त्याची सही घ्यायची. पूर्वी एका लेखकाने छापून आल्यावर 'मी असे बोललोच नाही' म्हणून गहजब केला होता, तेव्हापासूनचा हा तात्यांचा नियम. सही नसलेले पान छापखान्याच्या उंबऱ्याच्या आत जात नाही.

आता माझ्या लिहिण्याविषयी. माझे वडील, आबा, लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते. आमच्या चाळीतल्या खोलीच्या भिंतींना चुना नव्हता, पत्रके होती. धरणाविरुद्धची, दारूविरुद्धची, परदेशी कापडाविरुद्धची, जातिभेदाविरुद्धची. सभेला गेले की आबा पत्रक घेऊन यायचे आणि खळ लावून भिंतीला चिकटवायचे. माझी मुळाक्षरे त्या भिंतीवर झाली. मी आयुष्यात पहिले वाक्य वाचले ते 'बंधूंनो, आता तरी उठा!' मी वाचले आणि खरोखरच उठून उभी राहिले. आबा पोट धरून हसले होते.

अशी मुलगी मुलाखत कशी लिहिणार? नाटककार मला म्हणाले होते, "दुसऱ्या अंकात मी विनोदी प्रवेश का घालतो ठाऊक आहे? नायिकेचं काम करणाऱ्या नटाला नऊवारी बदलायला वेळ लागतो. जेवढा वेळ लुगड्याला, तेवढाच विनोद. एकदा नवा नट आला, तो चटकन नेसायचा. मला दोन पानं काढून टाकावी लागली, आणि ती चांगली होती हो!" मी लिहिले : 'रंगभूमी हे राष्ट्रजागृतीचे रणशिंग आहे!' दुसरी मुलाखत एका कवींची. ते म्हणाले होते, "मी वलवणच्या धरणाकडे चालत जातो आणि पावलांवर मात्रा मोजतो. चढ आला की ओळ आखूड होते. माझ्या सगळ्या आखूड ओळी चढावरच्या आहेत." मी लिहिले : 'कवी हा क्रांतीचा अग्रदूत होय!' लुगड्याची आणि चढाची गोष्ट घरी आबांना गंमत म्हणून सांगितली आणि छापायला मात्र नालायक ठरवली. दोघांनीही सह्या केल्या. रणशिंग आणि अग्रदूत म्हटल्यावर नको कोण म्हणेल?

नको वाचकांनी म्हटले. एका कार्डावर लिहून आले : 'आपले नाटककार आणि आपले कवी हे एकाच आईची लेकरे दिसतात. दोघेही बोलताना मूठ आपटतात.' तात्यांनी ते कार्ड माझ्यासमोर धरले.

"वाच. मूठ कोणाची आहे ही?"

मी माझी मूठ पदराआड घेतली.

"पुढची मुलाखत पण तूच बोललीस ना, तर सदर बंद. ती पानं मी लोणच्या-मुरंब्यांच्या कृतींना देतो. लोणच्याची तक्रार येत नाही."

आणि पुढची मुलाखत कोणाची? डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणाऱ्या भाऊसाहेबांची! माझा संताप झाला. देश पारतंत्र्यात, आणि हे गृहस्थ तिजोरी कोणी उघडली याच्या काळजीत. मी तात्यांना तसे सांगितलेही.

"लोक त्यांना वाचतात," तात्या म्हणाले. "जाऊन विचार, का वाचतात."

भाऊसाहेब दर उन्हाळ्यात येत आणि एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. सोवळेओवळे ते मानत नसत, म्हणून त्यांच्या चुलीवर जवळच्या कुरवंडे गावची चिमामावशी राज्य करत होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. बंगल्याला चांगला ऐसपैस व्हरांडा होता, पण भाऊसाहेब बसत स्वयंपाकघरात, एका लाकडी खोक्यावर. मलाही तिथेच पाट मिळाला. दोन तास ते बोलले. मध्ये मध्ये मावशीही बोलली. मी वहीत लिहीत होते, पण काय लिहीत होते ते आता सांगायला लाज वाटते. ते एक वाक्य बोलत आणि मी त्यावरून मला सुचलेले दुसरेच वाक्य लिही.

चार दिवसांनी चार पाने घेऊन मी वाचून दाखवायला गेले. मावशी परातीत भाकरी थापत होती. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. 'अखिल मानवजातीच्या अंतःकरणात जे काळोखे तळघर आहे, त्याचे कुलूप फोडणारे हत्यार म्हणजे डिटेक्टिव्ह कादंबरी!' भाऊसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मावशीचे थप थप थप चाललेले. मी चारही पाने वाचली आणि दौत पुढे सरकवली.

भाऊसाहेबांनी दौतीकडे पाहिले नाही. "मावशी, किती झाल्या?"

"अकरा."

"हात थांबला कुठं?"

"कशापायी थांबंल? पीठ सुकंल की!"

मला काही कळेना. मग भाऊसाहेबांनी समजावून सांगितले. ते आपले प्रत्येक प्रकरण लिहून झाले की सकाळी याच खोक्यावर बसून मावशीला वाचून दाखवत. ते वाचत, ती भाकरी थापी. थापण्याचा आवाज जिथे थांबेल ते पान ठेवायचे. जिथे आवाज अखंड चालू राहील ते पान मावशी त्याच चुलीत सारायची. माझ्या चार पानांत अकरा भाकरी झाल्या होत्या, एकसारख्या, गोल गरगरीत.

"पर भाऊसाहेब," मावशी हात झटकत म्हणाली, "ह्ये बोललं कोन? तुमी का ही पोर?"

"मी," भाऊसाहेब म्हणाले. "असं ती म्हणतेय."

"हॅट्! तुमी कदी 'अखिल' म्हनलाव? तुमी दोन डाव खोकता, मंग इकडचं तिकडचं बोलता, आन मंग हळूच कामाचं सांगता. ह्येच्यात खोकला कुटंय?"

भाऊसाहेब हसले, खोकले, आणि पाने माझ्या हातात परत देत म्हणाले, "बाई, मी सही करायला तयार आहे. यात माझं जे असेल त्याच्यावर बोट ठेवा, त्याच्याखाली करतो."

मी पाने वरून खाली पाहिली. बोट ठेवायला जागा सापडली नाही.

तीन दिवसांनी आमचा फर्मा, म्हणजे एकदम छापायची सोळा पाने, मशीनवर चढणार होता. मी म्हणाले, "भाऊसाहेब, पुन्हा एकदा सांगाल? या वेळी तुम्ही बोलाल तसंच लिहीन."

"नाही सांगणार. दुसऱ्यांदा सांगायला लागलो की मी ते सजवतो. हा माझा धंदाच आहे. पहिल्यांदा सांगितलं ते खरं होतं. ते तुम्ही हरवलंत."

रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी शांतपणे बोलले. मी मागल्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. समोर मला माझ्या सदराच्या जागी कैरीचे लोणचे दिसत होते. सदर गेले असते तर माझ्या हातात दुसरे काहीच नव्हते. लोणावळ्यात फिटरच्या मुलीला लेखणीचे काम दुसरे कोण देणार होते?

मावशी राख टाकायला बाहेर आली. "रडतीस व्हय गं?"

"नाही."

"मंग डोळं का पुसतीस?"

"धूर गेला."

"धूर तर आत हाय." ती माझ्याजवळ टेकली. "त्या दिशी ते काय काय बोललं ते म्या सांगते की."

"मावशी, मला गोळाबेरीज नको. शब्द हवेत. त्यांचेच."

"मंग शब्दच सांगते. त्येंच्या समद्या चोरीच्या गोष्टी माज्या तोंडात हायत, पयल्या पानापासनं. पर आज न्हाई. उद्या माजी सुट्टी, घरला जायाचंय, राबाचं काम हाय. तू संगं चल."

कुरवंडे लोणावळ्यापासून फार लांब नाही. सकाळी उन्हाच्या आधी निघालो. वाटेत करवंदे पिकली होती. मावशी खात होती आणि मला खायला लावत होती. 'उपाशी मानसाच्या कानात काय शिरत न्हाई,' म्हणे. राब म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भाताचे रोप जिथे टाकायचे, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, पाला आणि गवत यांचे थर पसरतात आणि ते जाळून जमीन भाजून घेतात. थर पसरायचे काम बायका करतात. मावशीच्या भाताच्या खाचरात पाच-सहा जणी पाल्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन आधीच आल्या होत्या. मला वाटले, मावशी आता मला सांगायला बसेल. पण बायकांनी तिला गाठले.

"आली गं चिमा! मागल्या खेपंला कुटं सोडलंतंस? सोन्याची कंठी गेली हुती."

"कंठी न्हाई, पाटल्या," दुसरी म्हणाली. "सोयपाकिनीवर आळ आलाय."

आणि मावशी सांगू लागली. अक्षर न वाचता येणारी बाई भाऊसाहेबांची कादंबरी सांगत होती, त्यांच्या खोकल्यासकट. बायका पाला पसरायचे विसरल्या. एकीने डोक्यावरची भरलेली पाटी खाली उतरवलीच नाही. तशीच उभी, मान ताठ, तोंड उघडे. मी भिंतीभर पत्रके वाचली होती, चार स्वतः लिहिली होती, दोन सभांत बोललेही होते. पण माझ्या बोलण्याने कोणाच्या डोक्यावरची पाटी अशी खिळून राहिलेली मी पाहिली नव्हती.

गोष्ट शेवटाला आली. पाटल्या मालकाच्याच भाच्याने नेल्या होत्या. चोर कळला तरी बायका हलल्या नाहीत.

"म्होरं सांग," पाटीवाली म्हणाली. "माफीचं सांग."

मावशीने आवाज खाली आणला. "मंग बंगल्याची बाई सोयपाकघरात आली. तिथवर ती कदीच आली न्हवती. सोयपाकिनीला म्हनली, 'माझं चुकलं. मी तुझ्यावर संशय घेतला. मला क्षमा कर.'"

"पुन्यांदा सांग."

मावशीने पुन्हा सांगितले. मग तिसऱ्यांदा. पाटीवालीने तेव्हा कुठे पाटी उतरवली आणि पदराने तोंड पुसले. ती मला म्हणाली, "आमी बंगल्यावर कामाला जातो न्हवं. चमचा गावंना का पयली आमची ओटी झाडून बगत्यात. ह्या चिमावरच आळ आलता, आदल्या बंगल्यावर. चांदीचं तबक. आठ दिसानं त्येंच्याच पोरांच्या खेळन्यात घावलं. पर कुनी चुकलं म्हनलं न्हाई."

मला खाचराच्या मधोमध भाऊसाहेबांचे एक वाक्य आठवले. मुलाखतीच्या दिवशी निघताना, मी चपला घालत असताना, ते म्हणाले होते, "आणखी एक. माझ्या एकाही पुस्तकात चोर हा गडी किंवा मोलकरीण नसते. का, ते मावशीला विचारा." मी ते लिहिले नव्हते. मला ती थट्टा वाटली होती. जे मी माझ्या मोठ्या शब्दांत शोधत होते, ते त्यांनी माझ्या हातात ठेवले होते आणि मी ते फाटकातच टाकून आले होते.

"सांगतेस ना आता?" मी मावशीला म्हणाले.

"सांगते. पर हात चालू ठेव, पाला पसर. लिवायला मधी मधी बस."

तशी मी ती मुलाखत लिहिली. चार पाट्या पाला, मग एक परिच्छेद. मी विचारले होते, चोर आधी ठरवता का? भाऊसाहेबांचे उत्तर मावशीने त्यांच्याच चालीवर दिले : "चोर आधी ठरतो. पहिल्या प्रकरणात मी त्याला वाचकाला नमस्कार करायला लावतो. वाचक सज्जन असतो, नमस्कार करणाऱ्याचा संशय घेत नाही." मी विचारले होते, कादंबरी आणि पत्रक यांत फरक काय? हा प्रश्न मी जरा टोचूनच विचारला होता. उत्तर : "पत्रक दारावर थाप मारतं. मी मागल्या दाराने येतो, मला आधी पाणी विचारतात." हेही मी त्या दिवशी लिहिले नव्हते. उघड आहे, मला झोंबले होते. एका ठिकाणी मी न राहवून 'समाज' हा शब्द घातला. मावशीने वाचून दाखवायला लावले आणि म्हणाली, "खोड त्यो. त्यो तुजा हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच स्वयंपाकघर. मी वाचत होते, मावशी थापत होती. तिला सगळे पाठ होते, तिचा हात कशाला थांबेल, अशी मला धास्ती. थप थप चालूच. मग चोर गडी का नसतो हा भाग आला. त्यात मी, मावशीच्या परवानगीने, तबकाची हकीकत घातली होती आणि खाली भाऊसाहेबांचे वाक्य. वाचता वाचता मला जाणवले की खोलीत माझ्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. मावशीच्या हाताखाली अर्धी थापलेली भाकरी होती आणि ती चुलीकडे पाहत होती.

भाऊसाहेबांनी दौत स्वतः ओढून घेतली. चारही पानांखाली सह्या केल्या. एका ओळीवर मात्र बोट ठेवून म्हणाले, "हे मी खरंच इतकं पाल्हाळिक बोललो?"

"व्हय," मावशी म्हणाली.

"मग राहू दे."

तात्यांनी पाने वाचली आणि तशीच छापखान्यात धाडली. फर्मा मशीनवर चढला. पुढच्या महिन्यात मुठीवाल्या वाचकाचे पुन्हा कार्ड आले. 'या वेळी माणूस भेटला' एवढेच त्यावर होते. लोणच्याला पाने मिळाली नाहीत. आज लढाईमुळे कागद मिळत नाही, अंक वाळला आहे, तरी आमचे सदर चालू आहे.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ते कवी आता हयात नाहीत. चढावर ओळ आखूड होते, हे त्यांचे बोलणे कुठेच छापलेले नाही, आणि माझा तो अग्रदूत त्यांच्या नावावर कायमचा बसला आहे. म्हणून या लेखात मी ते लिहून टाकले. नाटककारांना मी स्वतः जाऊन कबुली दिली. ते म्हणाले, "रणशिंगामुळे मला दोन ठिकाणी अध्यक्षपद मिळालं. तुझं आपलं चालू दे!"

आणि मी पत्रके लिहिणे सोडले आहे, असे कोणी समजू नये. मुळीच सोडलेले नाही. जे अन्याय भिंतीवर होते ते अजून जागच्या जागी आहेत. फक्त पत्रक लिहिते तेव्हा त्याखाली माझे नाव घालते, दुसऱ्याचे नाही.

आता तुमच्याकडे एक काम आहे. भाऊसाहेब पाऊस लागायच्या आत पुण्याला परततात आणि बंगल्याला कुलूप लागते. मग आठ-नऊ महिने कुरवंड्याला गोष्ट मिळत नाही. म्हणून रविवारी मी तिथे जाऊन वाचते. चाळीसएक बायका जमतात, आता पुरुषही कोपऱ्यात येऊन बसतात आणि आपण सहज आलो असे दाखवतात. आमच्याजवळची पुस्तके तीन-तीनदा वाचून झाली. तुमच्या घरी वाचून झालेली डिटेक्टिव्ह कादंबरी पडून असेल, तर ती मासिकाच्या कचेरीत 'कुरवंड्यासाठी' असे लिहून पाठवा. बांधणी सुटलेली चालेल, मुखपृष्ठ नसले तरी चालेल. पण शेवटचे पान तेवढे शाबूत असू द्या, कारण चुकलेल्या माणसाने क्षमा मागितली की नाही ते त्याच पानावर असते, आणि या बायका तेवढ्यासाठी बसून राहतात. आणि चोराचे नाव पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायची ज्यांना खोड आहे, त्यांनी कृपा करून आधी खोडरबर घ्यावे, मगच पुस्तक टपालात टाकावे.